काळा काढा

सारानं वडिलांच्या काढ्याची बाटली नगरला कॉलेजात नेली ती निव्वळ कौतुकापोटी. एकाहत्तर साल होतं, पावसाळा सरत आला होता. ती रसायनशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर होती. दिवसभर पोरापोरींना प्रॅक्टिकल शिकवायचं आणि उरल्या वेळात स्वतःचं एम.एस्सी.चं संशोधन रेटायचं, असे तिचे दिवस चालले होते. विषय तिनंच निवडला होता, औषधी झाडांच्या सालींतली तुरट द्रव्यं. हिरडा चघळला की जिभेला जी घट्ट मिठी बसते ती या द्रव्यांची. पुस्तकात त्यांना पॉलिफिनॉल म्हणतात. ही द्रव्यं चिमूटभर मिसळली तर खाद्यतेल लवकर खवट होत नाही, असं परदेशात काही लोकांनी दाखवलं होतं. हवेतला प्राणवायू तेलाला आतून कुरतडत असतो, आणि ही द्रव्यं मध्ये उभी राहून तो मारा स्वतःवर घेतात. तिचे मार्गदर्शक राधाकृष्ण सर यांनी पहिल्या दिवशी तिला हे असं समजावलं, तेव्हा सारा मनात म्हणाली, म्हणजे बाबा इतकी वर्षं हेच करतायत की.

बाबा म्हणजे दानीएल मास्तर. कर्जतकडच्या खडकेवाडीत मिशनच्या शाळेवर त्यांनी तीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावरही ते तिथंच राहिले. निम्म्या गावानं त्यांच्या हातची छडी खाल्ली होती. पण शाळेपेक्षाही गाव त्यांना ओळखायचं ते काढ्यासाठी. कुणाच्या छातीत धडधडायचं, कुणाला चार पावलं टाकली की दम लागायचा, कुणाचे पाय संध्याकाळी सुजायचे, त्यांनी मास्तरांच्या दारात यायचं. रविवारी उपासना सुटली की ओट्यावर तांबे, लोटे, रिकाम्या बाटल्या यांची रांग लागे. सगळ्या आळ्यांतली माणसं त्यात असत. मास्तर कुणाकडून काही घेत नसत. वाढताना मात्र लहानशा पळीनं मोजून वाढायचे आणि प्रत्येकाला मागच्या आठवड्याचा हिशेब विचारायचे, किती पायऱ्या चढलास, रात्री उशी किती उंच लागली, पायाच्या नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडतो का.

काढा अर्जुनसादड्याच्या सालीचा. गावाखालच्या ओढ्याला त्याची तीन मोठी झाडं होती. ती मास्तरांना दाखवली गोजरबाईनं. ही डोंगराच्या कडेला राहणारी धनगराची विधवा बाई, सासूकडून शिकलेली झाडपाल्याची जाणकार. सत्तावन्न साली मास्तर तापातून उठले आणि छातीतली धडधड काही थांबेना, तेव्हा तिनं मडक्यात साल उकळून त्यांना महिनाभर पाजली. बरं वाटल्यावर मास्तर तिच्या मागं लागून सगळं शिकले. साल किती काढायची, झाडाला जखम होऊ न देता कशी काढायची, किती पाणी, किती आटवायचं. शिकताना त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं. त्यांचा स्वभावच तसा होता.

मग एकदा चुलीवर मडकं तडकलं आणि आठवड्याचा सगळा काढा विस्तवात गेला. मास्तरांनी कर्जतच्या बाजारातून लोखंडी कढई आणली. मडक्यातला काढा तांबूस उतरायचा. कढईतला उतरला तो काळाभोर. मास्तर हरखले. लोखंडाची ताकद त्यात आली, असं त्यांना वाटलं. लोकांनाही ते पटलं. गावातल्या सहादेवची आई दगडाबाई तर म्हणाली की आता कुठं औषध औषधासारखं दिसतंय. तेव्हापासून गावाला काढा म्हणजे काळाच काढा माहीत.

साराच्या आईनंही तोच घेतला. हन्नाला लहानपणी सांधेदुखीचा ताप आला होता, त्यात तिच्या हृदयाची झडप अरुंद झाली. त्रेसष्ट साली ते उघडकीस आलं. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन मुंबईत होतं, पण हिची तब्येत ते सोसेल असं वाटत नाही. वर्षभर सांभाळा. मास्तरांनी सांभाळली. पाणी भरू दिलं नाही, चुलीपुढं बसू दिलं नाही, भाकरी स्वतः थापल्या. रोज सकाळ-संध्याकाळ काढ्याचा पेला तिच्या हातात दिला आणि ती तो संपवीपर्यंत समोर उभे राहिले. हन्ना तोंड वाकडं करून हसायची आणि प्यायची. डॉक्टरांनी वर्ष सांगितलं होतं, ती तीन वर्षं जगली. सहासष्टच्या डिसेंबरात गेली. तेव्हा सारा एकोणीस वर्षांची होती. पुरल्यानंतर आठ दिवसांनी मास्तर तिला म्हणाले होते, दोन वर्षं आपण जास्तीची मिळवली. त्या दोन वर्षांवरच ते उभे होते. सारानं हा विषय घेतला तोही त्या दोन वर्षांपोटीच.

म्हणून तिनं ती बाटली नेली. बाटलीवर मास्तरांनी आपल्या वळणदार अक्षरात तारीख लिहिली होती.

प्रयोग तसा साधा होता. नगरच्या घाण्यावरचं ताजं करडईचं तेल घ्यायचं. एका बाटलीत नुसतं तेल. दुसरीत सारानं काचेच्या पात्रात साल उकळून, आटवून, वाळवून केलेली पूड. तिसरीत तेवढीच मास्तरांच्या काढ्याची पूड. तिन्ही बाटल्या कोमट भट्टीत ठेवायच्या, म्हणजे महिन्यांचा खवटपणा दिवसांत येतो. मग दर दोन दिवसांनी थोडं थोडं तेल काढून तपासायचं. खवट तेलात पोटॅशियम आयोडाइड घातलं की आयोडीन सुटतं, त्याला स्टार्चनं निळा रंग येतो, तो निळा जाईपर्यंत बुरेटमधून थेंब सोडायचे. थेंब जितके जास्त, तितकं तेल बिघडलेलं.

नुसतं तेल नवव्या दिवशी गेलं. काचेतल्या सालीचं सव्वीस दिवस टिकलं. मास्तरांच्या काढ्याचं पाचव्याच दिवशी खवट झालं.

साराला वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली. तिनं सगळं पुन्हा केलं, नवं तेल आणून. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केलं तेव्हा राधाकृष्ण सर येऊन शेजारी उभे राहिले. त्यांनी काढ्याची बाटली उजेडाकडे धरली, थोडी हलवली आणि विचारलं, हे कशात उकळतात? सारानं सांगितलं. टेबलावरचा एक लोखंडी खिळा उचलून सरांनी तिच्या काचेच्या पात्रातल्या तांबूस काढ्यात टाकला आणि स्टोव्ह पेटवला. अर्ध्या तासात काढा काळा पडला.

तुरट द्रव्यं लोखंडाला जाऊन चिकटतात आणि तिथंच अडकतात, सर म्हणाले. तेलाचं रक्षण करायला मोकळी राहतच नाहीत. आणि उरलेलं लोखंड उलट खवटपणालाच हात देतं. म्हणून नुसत्या तेलापेक्षाही वाईट. हे फार सुंदर आहे, सारा. हे एक स्वतंत्र प्रकरण होईल.

सारालाही ते सुंदर वाटलं. खरंच वाटलं. इतके महिने ती पुस्तकातल्या गोष्टी पुन्हा करून बघत होती. ही गोष्ट पुस्तकात नव्हती. ही तिला सापडली होती, तीही आपल्या घरच्या चुलीवर. त्या आठवड्यात तिला रात्री धड झोप लागली नाही, आणि ती झोप आनंदानं गेली होती. शनिवारी तिनं तेलाच्या दोन लहान बाटल्या रुमालात गुंडाळल्या आणि सकाळची कर्जतची एसटी धरली. लहानपणापासून काहीही नवं कळलं की ती पहिल्यांदा बाबांकडे धावायची. आताही तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

मास्तर ओट्यावर बसून घोंगडीवर साल वाळत घालत होते. तिला अवचित आलेली पाहून त्यांचा चेहरा फुलला. सारानं पाणीसुद्धा घेतलं नाही. डोळे मिटा, म्हणाली, आणि एकेक बाटली त्यांच्या नाकाखाली धरली.

पहिली हुंगून मास्तर म्हणाले की हे ताजं आहे. दुसरी हुंगून त्यांनी तोंड फिरवलं. हे फार जुनं तेल, कुठून आणलंस?

सारानं टाळी वाजवली. दोन्ही एकाच घाण्यावरचं, एकाच दिवशीचं, ती हसत म्हणाली. पहिल्यात काचेत उकळलेली साल होती. दुसऱ्यात बाबांचा काढा.

मास्तरही हसत होते. त्यांना वाटलं, ती उलट बोलली. त्यांनी तसं विचारलंही. मग सारानं सगळं सांगितलं. भरभर, हातवारे करत, खिळा कसा टाकला, रंग कसा पालटला, सरांचा चेहरा कसा झाला. नऊ दिवस, सव्वीस दिवस, पाच दिवस. मास्तर ऐकत होते. वर्गात एखादं हुशार पोर फळ्यापाशी उत्तर सांगत असलं की ते असेच मान किंचित कलती करून ऐकायचे.

"किती वेळा केलंस?" त्यांनी विचारलं.

"तीनदा."

"तिन्ही वेळा नुसत्या तेलापेक्षा वाईट?"

"तिन्ही वेळा."

मास्तरांनी घोंगडीवरचा सालीचा एक तुकडा उचलला. मग म्हणाले, "शाई."

साराला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. शाळेत पोरांसाठी मास्तर हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. तीच गोष्ट. इतकी वर्षं त्यांच्या हाताखालून गेलेली गोष्ट त्यांनी एका शब्दात पकडली, याचंही तिला कौतुकच वाटलं. ती हो हो म्हणत मान डोलवत राहिली.

"कढई आपण कधी आणली, सारा?"

"मी नववीत होते तेव्हा," ती पटकन म्हणाली. "बासष्ट साल असेल."

"बासष्ट," मास्तर म्हणाले. "आणि तुझी आई त्रेसष्टला आजारी पडली."

तेव्हा कुठं साराच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती कुठल्या कडेशी येऊन उभी राहिली आहे ते तिला एकदम दिसलं. नगरपासून कर्जतपर्यंतच्या वाटेत ते एकदाही दिसलं नव्हतं.

ती घाईघाईनं बोलू लागली. तेल वेगळं आणि माणसाचं शरीर वेगळं. भट्टीतल्या बाटलीवरून हृदयाचं काही सांगता येत नाही. आईची झडप अरुंद झाली होती, ते दारच लहान झालं होतं, कुठल्याही झाडाच्या सालीनं ते मोठं होणार नव्हतं. डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. मास्तरांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे मडक्यात उकळला असता तरी ती वाचली नसती."

"नसती, बाबा."

"मग दोन वर्षं जास्तीची मिळाली ती?"

सारानं दोन्ही बाटल्या पुन्हा रुमालात गुंडाळल्या.

"आणि दगडाबाई? आणि हे बाकीचे सगळे, दर रविवारी येतात ते? मडक्यातला दिला असता तर त्यांना गुण आला असता का?"

येईल म्हणावं, तर मग कढई घेतल्यापासून मास्तरांनी तो गुण स्वतःच्या हातानं मारला, आणि हन्नाचाही मारला. येणार नाही म्हणावं, तर सत्तावन्न सालापासूनचे सगळे रविवार फुकट गेले आणि ती दोन वर्षंही त्यांनी मिळवलेली नव्हती, नुसती पडलेली मिळाली होती. सारानं दोन्ही बाजूंना पाहिलं. तिच्यापाशी तिसरं उत्तर एकच होतं आणि ते खरंही होतं.

"मला माहीत नाही, बाबा."

"बरं," मास्तर म्हणाले. ते उठले, आत गेले आणि तिच्यासाठी पिठलं टाकलं. तिच्या ताटात वाढलं. स्वतः मात्र जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उपासनेत ते नेहमीच्या जागी बसले. गीतं म्हणताना त्यांचे ओठ हलत नव्हते, हे सारानं शेजारून पाहिलं. घरी ओट्यावर माणसं जमली होती. आज काढा नाही, एवढंच सांगून मास्तरांनी त्यांना परत पाठवलं. मग टोपी घातली आणि डोंगराच्या वाटेला लागले. सारा मागून गेली.

गोजरबाई आता फार थकली होती. खोपटाबाहेर उन्हात बसून शेळीला पाला टाकत होती. मास्तर तिच्यासमोर जमिनीवरच बसले आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली. तुझ्या सासूनं तुला मडक्यातच उकळायला का सांगितलं होतं? त्यामागं काय होतं?

गोजरबाईला प्रश्नच उमगेना. मास्तरांनी तो दोनदा फोडून सांगितला.

"मास्तर, आमच्याकडं कुठली आलीय कढई?" ती म्हणाली. "मडकं हुतं म्हून मडक्यात. कढई असती तर म्या बी कढईतच उकाळला असता."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना बहुधा वाटलं होतं की जुन्या माणसांना काहीतरी ठाऊक असेल आणि आपण ते मोडलं. तसं काही असतं तर निदान कुणाची माफी मागता आली असती. तिथं तेही नव्हतं. गोजरबाईनं विचारलं म्हणून त्यांनी तिला झालं ते सांगितलं. तिनं बराच वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवला.

"हन्नाबाईचं आयुष्य तेवढंच हुतं, मास्तर."

"तेवढंच होतं की तेवढंच मी ठेवलं, हे आता कुणाला विचारू?" मास्तर म्हणाले.

उतरताना ओढ्याकाठची तीन झाडं लागली. मास्तरांनी तिकडं पाहिलं नाही.

सारा सोमवारी नगरला परतली. पुढं काय झालं ते तिला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. मास्तर घरोघरी फिरले. ज्याला ज्याला म्हणून काढा दिला होता त्याच्या दारात जाऊन त्यांनी सांगितलं की मी चुकीच्या भांड्यात उकळत होतो, त्याचा उपयोग नव्हता, कदाचित उलटही झालं असेल, मला क्षमा करा. लोक गोंधळले. कुणी म्हणालं, मास्तर, मला तर बरं वाटत हुतं. कुणी म्हणालं, आता नव्या भांड्यात करा की मग. एकानं त्यांना बसवून चहा पाजला, कारण त्याला वाटलं, मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

सारानं पत्र लिहून विनवलं की मातीच्या भांड्यात करून बघा. मास्तरांनी एकदा केलाही. तांबूस काढा घेऊन ते स्वतः दगडाबाईकडं गेले. तिला सत्तरी उलटून गेली होती, पायांवर सूज होती, पण डोळे लख्ख होते. तिनं पेल्यात पाहिलं आणि पेला परत केला. म्हणाली, हे पानी हाय. माजं काळं द्या. मास्तरांनी सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकून घेईना. काळा काढा तर ते आता देऊ शकत नव्हते. आणि तांबूस देताना, हा तरी गुणाचा आहे असं सांगायला त्यांची जीभ रेटत नव्हती. दोन्ही सोडून ते घरी आले. त्यानंतर त्यांनी साल आणली नाही.

दगडाबाई बहात्तरच्या जानेवारीत गेली. पुढच्या महिन्यात सारा कर्जतच्या स्टँडवर उतरली तेव्हा सहादेव तिला भेटला. त्यानं तिची पिशवी घेतली आणि सीताफळाच्या झाडाखाली ठेवली.

"बाई, तुमचं खरं असंल," मग तो म्हणाला. "आमाला काय त्यातलं कळतंय. पन म्हातारीनं शेवटचे पंधरा दिस काळ्या काढ्याचंच नाव घेतलं. मास्तर आपल्यावर रुसलं म्हनायची. दिला असता तर काय बिघाडलं असतं?"

तो भांडत नव्हता. तो खरंच विचारत होता, शिकलेल्या माणसाला विचारावं तसं.

त्या साली पाऊस झाला नाही. आदल्या साली कमी झालेला होताच. ओढा आटला, विहिरी आटल्या, खडकेवाडीची माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. मास्तर तिथं जाऊन कामावरच्या पोरांना एका बाभळीखाली बसवून पाढे शिकवू लागले. सारा महिन्यातून एकदा जायची. ते वाळले होते, पण त्या वर्षी सगळेच वाळले होते, त्यामुळे त्यात वेगळं काय ते कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हतं. ते तिच्याशी बोलायचे. कुणाच्या घरी काय झालं, टँकर कधी येतो, कुठल्या पोराचं गणित चांगलं आहे. पूर्वी मात्र ते तिला वाटेत थांबवून प्रत्येक झुडपाचं नाव विचारायचे. आता टाकळीचं झुडूप पायाखाली आलं तरी बोलत नव्हते.

प्रबंध लिहिताना तिनं त्या काढ्याचा उल्लेख 'कर्जत तालुक्यातील पारंपरिक पद्धत' असा केला आणि मसुदा त्यांना दाखवला. मास्तरांनी चष्मा लावून तेवढं पान वाचलं आणि खाली ठेवलं. पारंपरिक नाही, म्हणाले. गोजरबाईचं मडकं परंपरेचं होतं. लोखंड माझं आहे. माझं नाव घाल. सारा नको म्हणाली तेव्हा ते म्हणाले की गणित चुकलं तर कुठल्या ओळीत चुकलं ते दाखवावं लागतं, नाहीतर पोरं पुन्हा तिथंच चुकतात. शेवटी तिनं नाव घातलं. राधाकृष्ण सरांना वाटलं, मुलीनं वडिलांचे आभार मानलेत. त्यांना ते फार आवडलं.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात प्रबंध मान्य झाल्याचं कळलं. सारा पेढे न घेता खडकेवाडीला गेली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्यासाठी प्रार्थना केली. आवाज नेहमीसारखा होता. संध्याकाळी ओट्यावर बसलेले असताना ती म्हणाली की आता तुम्ही नगरला चला, माझ्याजवळ राहा. मास्तर म्हणाले, बघू. मग तिला राहवेना. दीड वर्ष जे मनात होतं ते तिनं बोलून टाकलं. मी तुम्हाला सांगायलाच नको होतं, म्हणाली.

"नाही नाही," मास्तर म्हणाले. "सांगायलाच हवं होतं. न सांगतीस तर मी देतच राहिलो असतो. तू खरं सांगितलंस, त्याचं मला काही नाही, सारा."

समोरच्या रस्त्यानं खडीच्या कामावरून बाया परतत होत्या, त्यांच्या डोक्यांवर रिकामी घमेली होती.

"तू हसत सांगितलंस," ते म्हणाले. "माझे डोळे मिटायला लावलेस आणि हसत सांगितलंस. तेवढं मला विसरता येत नाही. पुष्कळ प्रयत्न केला."

तुम्हाला सांगायला धावत आले होते, बाबा, एवढंच ती कशीबशी म्हणाली. दुसऱ्या कुणाकडे मी गेलेच नसते.

"ते कळतं मला," मास्तर म्हणाले. "म्हणून तर रागावताही येत नाही."

त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ती रडत होती. त्यांनी तिला रडू नको असं म्हटलं नाही. ते स्वतः रडले नाहीत. ते त्यापलीकडं जाऊन बसले होते, आणि तिथं त्यांच्याजवळ जायला साराला वाट नव्हती.

सकाळी ते तिला कर्जतच्या स्टँडपर्यंत सोडायला आले. पिशवी त्यांनीच धरली होती. एसटीला अवकाश होता. आता पुढं काय करणार, त्यांनी विचारलं. सारानं सांगितलं की सर म्हणतात, पीएच.डी.ला हाच विषय पुढं न्यावा, आणखी झाडं घ्यावीत. पण तिनं नाही म्हणून सांगितलं होतं. ती श्रीरामपूरकडच्या साखर कारखान्यातल्या मळीवर काम करणार होती. सरांना तिनं कारण सांगितलं नव्हतं, आणि बाबांनाही सांगितलं नाही.

"मळी," मास्तर म्हणाले. त्यांनी थोडा विचार केला. "तिचं कुणी औषध करत नाही ना?"

"नाही, बाबा."

"मग हरकत नाही," ते म्हणाले, आणि गाडी लागली तशी पिशवी उचलून तिच्यासाठी खिडकीची जागा धरायला पुढं झाले.